क्रूगर राष्ट्रीय उद्यान : वन्यजीव-निरीक्षणाचा इतिहास

क्रूगर राष्ट्रीय उद्यान : दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकातील सर्वांत मोठे व जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सु. १९,५०० चौ. किमी.; दक्षिणोत्तर लांबी सु. ३५० किमी. व सरासरी रुंदी सु. ६० किमी. हे देशाच्या ईशान्य भागात, म्पुमलांगा व लिंपोपो या प्रांतांत पसरले असून त्याच्या पूर्वेस मोझँबिक व उत्तरेस झिंबाब्वे हे देश आहेत. दक्षिण सीमेवर क्रोकोडाइल, तर उत्तर सीमेवर लिंपोपो नदी वाहते. साबी, ऑलिफंट्स, लेटाबा व लुव्हुव्हू या इतर महत्त्वाच्या नद्या होत. उद्यानात सु. १५० जातींचे सस्तन प्राणी व ५०० हून अधिक जातींचे पक्षी यांची नोंद झाली आहे.

वन्य पशुपक्षी त्यांच्या नैसर्गिक परिसरात जाऊन पाहावेत, एवढ्याच हेतूने प्रवास करण्याची प्रथा आफ्रिकेत विसाव्या शतकात रूढ झाली. त्यापूर्वी तेथील रानात जाणारा यूरोपीय प्रवासी बहुधा शिकारी असे. शिकारीचे प्राणी राखून ठेवण्यासाठी निर्माण झालेले एक क्षेत्र केवळ पाहण्याचे स्थळ कसे बनले, याचे क्रूगर हे ठळक उदाहरण आहे. प्रेक्षकाच्या आगमनामुळे येथील प्राण्यांचे भवितव्य बदलले. मात्र पाहण्याचा हक्क कोणाचा आणि त्यासाठी कोणी जागा सोडावयाची, हे प्रश्नही त्याच इतिहासातून उद्भवले.

पूर्वपीठिका : उद्यानाचा प्रदेश ‘लोव्हेल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सखल, उष्ण व काटेरी झुडपांच्या पट्ट्यात मोडतो. हिवताप आणि गुरांना नागाना हा रोग देणारी त्सेत्से माशी यांमुळे गोऱ्या वसाहतवाल्यांना तेथे कायमची वस्ती करणे दीर्घकाळ अवघड गेले. म्हणून हा प्रदेश निर्मनुष्य होता असे नव्हे. नैर्ऋत्येकडील खडकांवर सान लोकांनी काढलेली चित्रे आढळतात. उत्तरेस लुव्हुव्हू नदीजवळ थुलामेला येथे दगडी तटबंदीच्या वसाहतीचे अवशेष व सोन्याचे अलंकार सापडले असून ही वसाहत पंधराव्या-सोळाव्या शतकांत भरभराटीस आली होती. त्सोंगा, व्हेंडा, स्वाझी इ. समाजांच्या वस्त्या या प्रदेशात व त्याच्या आसपास होत्या. शेती, शिकार आणि व्यापार यांवर त्यांचा निर्वाह चाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत, कातडी व मांस यांसाठी बंदुकीने होणारी शिकार बेसुमार वाढली. पांढरा गेंडा शतक संपण्यापूर्वीच या भागातून नाहीसा झाला. १८९६–९७ मध्ये बुळकांड्या रोगाची भीषण साथ आली. तीत गुरांबरोबरच रानम्हशी, कुडू, ईलंड यांसारखे रवंथ करणारे वन्य प्राणी मोठ्या संख्येने मेले. भक्ष्य नाहीसे झाल्याने लोव्हेल्डमधील त्सेत्से माशीही नष्ट झाली. वस्तीच्या मार्गातील एक अडसर त्यामुळे दूर झाला आणि उरल्यासुरल्या प्राण्यांच्या रक्षणाचा प्रश्न अधिकच निकडीचा बनला.

राखीव क्षेत्राची स्थापना : ट्रान्सव्हालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या राजवटीत २६ मार्च १८९८ रोजी साबी व क्रोकोडाइल या नद्यांमधील प्रदेश राखीव म्हणून घोषित करण्यात आला. त्यामागील हेतू निसर्गप्रेमाचा नव्हता. शिकारीचे प्राणी पुन्हा वाढावेत, हा होता. पुढच्याच वर्षी अँग्लो-बोअर युद्ध सुरू झाल्याने प्रत्यक्ष व्यवस्था लागू शकली नाही. युद्धानंतर ब्रिटिश सत्तेने १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन (१८६७–१९५७) या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याची तेथे वॉर्डन म्हणून नेमणूक केली. १९०३ मध्ये उत्तरेकडील शिंग्वेड्झी क्षेत्रही राखीव झाले. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन अल्पकाळाचे अपवाद वगळता १९४६ पर्यंत या पदावर होते.

त्यांनी प्रथम राखीव क्षेत्रातील काही हजार आफ्रिकी रहिवाशांना बाहेर घालविले. त्यावरून स्थानिक लोकांनी त्यांना ‘स्कुकुझा’ म्हणजे ‘झाडून साफ करणारा’ असे नाव ठेवले. साबी ब्रिज येथील मुख्य तळाला १९३६ मध्ये हेच नाव अधिकृतपणे देण्यात आले. विस्थापितांनी दिलेले हे नाव आज पर्यटकांच्या सर्वांत मोठ्या निवासकेंद्राचे आहे. मूठभर गोऱ्या रेंजरांच्या हाताखाली गस्त घालणारे, माग काढणारे आणि चोरट्या शिकाऱ्यांना पकडणारे बहुतेक कर्मचारी आफ्रिकीच होते. रानाचे बारकावे जाणणारे पहिले खरे निरीक्षक तेच. तथापि प्रारंभीच्या ग्रंथांत त्यांची नावे क्वचितच आढळतात.

उपयुक्त व उपद्रवी प्राणी : त्या काळी सर्व वन्य प्राणी सारखेच रक्षणीय मानले जात नसत. आफ्रिकेत वसाहती असलेल्या यूरोपीय राष्ट्रांनी १९ मे १९०० रोजी लंडन येथे वन्य पशु, पक्षी व मासे यांच्या रक्षणाविषयी एक करार केला. तो पुरेशा मान्यतेअभावी अंमलात आला नाही. पण त्यातील याद्यांवरून तत्कालीन दृष्टी स्पष्ट होते. गिधाडे, घुबडे, सेक्रेटरी पक्षी आणि जनावरांच्या अंगावरील गोचिडी टिपणारे ऑक्सपेकर पक्षी उपयुक्त ठरविले होते. याउलट सिंह, बिबट्या, तरस, रानकुत्रा, मगर, विषारी साप व बहुतेक मोठे शिकारी पक्षी उपद्रवी गणून त्यांची संख्या घटवावी, असे म्हटले होते.

साबी येथेही हेच धोरण राबविले गेले. कुरंगांची संख्या वाढावी म्हणून पहिली दोन तपे सिंह, रानकुत्रे व मगरी यांना ठार मारण्यात येत असे. राखीव क्षेत्राचे यश शिकारीयोग्य प्राण्यांच्या संख्येवर मोजले जाई आणि कोणी केवळ सिंह पाहण्यासाठी तेथवर येईल, ही कल्पना रूढ नव्हती.

प्रेक्षकाचे आगमन : राखीव क्षेत्राचे अस्तित्व प्रारंभी अतिशय अस्थिर होते. त्यातील काही जमीन खासगी कंपन्यांच्या मालकीची होती. मेंढ्यांसाठी हिवाळी कुरणे, खाणी व शेती यांकरिता ती खुली करावी, अशी मागणी वारंवार होई. ‘इतकी भूमी प्राण्यांसाठी का अडवून ठेवावी?’ या प्रश्नाला लोकांना पटेल असे उत्तर आवश्यक होते. या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १९१८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाची कल्पना उचलून धरली. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने ट्रान्सव्हालची नऊ दिवसांची सहल सुरू केली. गाडी राखीव क्षेत्रातून जात असताना साबी ब्रिज येथे मुक्काम होई. रात्री शेकोटीभोवती बसणे व रेंजरबरोबर रानात थोडे फिरणे, हाच भाग प्रवाशांना सर्वाधिक आवडला. केवळ पाहण्यासाठी लोक पैसे खर्च करतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

३१ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यान कायदा संमत होऊन साबी व शिंग्वेड्झी ही क्षेत्रे, सीमांत काही बदल करून, ‘क्रूगर राष्ट्रीय उद्यान’ म्हणून एकत्र करण्यात आली. पॉल क्रूगर यांचे नाव दिल्याने आफ्रिकानर व इंग्रजी भाषिक अशा दोन्ही गोऱ्या समाजांचा पाठिंबा मिळविणे सुकर झाले. १९२७ मध्ये उद्यान मोटारींसाठी खुले झाले आणि त्या वर्षी केवळ तीन मोटारी आल्या. १९२८ मध्ये १८० व १९२९ मध्ये ८५० मोटारींची नोंद झाली.

मोटारीने निरीक्षणाची रीतच बदलली. पायी येणारा माणूस दिसताच पळणारे किंवा अंगावर येणारे प्राणी बंद वाहनाकडे मात्र दुर्लक्ष करतात, असा अनुभव आला. त्यामुळे रानाची कोणतीही जाण नसलेल्या शहरी कुटुंबालाही काही मीटर अंतरावरून सिंहांचा कळप पाहता येऊ लागला. आलेल्या बहुतेकांना सर्वप्रथम सिंहच पाहावयाचा असे. परिणामी सिंह मारण्याचे धोरण मागे पडले. संरक्षकांना उपद्रवी वाटणारा हा प्राणी प्रेक्षकांच्या ओढीमुळे उद्यानाचे भूषण ठरला. वन्यजीव-रक्षणाच्या इतिहासात प्रेक्षकाच्या नजरेने केलेले हे कदाचित सर्वांत मोठे परिवर्तन होय.

निरीक्षणाची व्यवस्था व तिचे परिणाम : हळूहळू रस्ते, कुंपण घातलेले तळ व नियम यांची चौकट तयार झाली. ठरलेली ठिकाणे सोडून इतरत्र वाहनातून उतरावयाचे नाही, सूर्यास्तापूर्वी तळावर परतावयाचे, वेगमर्यादा पाळावयाची हे नियम आजही लागू आहेत. पायी निरीक्षणाची जुनी रीत १९७८ मध्ये ‘वोल्हुटर’ पदभ्रमण-मार्ग सुरू झाल्यावर मर्यादित प्रमाणात पुन्हा आली. सशस्त्र मार्गदर्शकाबरोबर चालणाऱ्या लहान गटाला तीत मोठ्या जनावरांइतकेच माग, विष्ठा, वारुळे व पक्ष्यांचे आवाज यांकडे लक्ष द्यावे लागते.

तथापि निसर्ग ‘दिसावा’ म्हणून केलेले उपाय नेहमीच हितकर ठरले नाहीत. १९३० नंतरच्या दशकांत प्राण्यांना बारमाही पाणी मिळावे म्हणून कूपनलिका व बंधारे यांची संख्या वाढविण्यात आली. पाणवठ्यांवर प्राणी हमखास दिसत असल्याने पर्यटकांचीही सोय झाली. परंतु उत्तरेच्या कोरड्या भागात पाण्यामागोमाग झेब्रे व झेब्र्यांमागोमाग सिंह आले. उंच गवतात राहणाऱ्या दुर्मिळ रोन कुरंगांची संख्या १९८६ मधील सु. ४५० वरून १९९३ पर्यंत सु. ४५ पर्यंत घसरली. पुढे अनेक कृत्रिम पाणवठे बंद करण्यात आले. १९६० च्या सुमारास पश्चिम सीमेवर घातलेल्या कुंपणामुळे तेथील वाइल्डबीस्ट व झेब्रे यांचे हंगामी स्थलांतरही तुटले.

हत्तींचा प्रश्न याहून बिकट ठरला. १९०५ च्या सुमारास या क्षेत्रात दहाच्या आसपास हत्ती असल्याचा अंदाज होता. १९६७ मध्ये हवाई गणतीत ६,५०० हून अधिक आढळले. वनस्पतींची हानी टाळण्यासाठी त्यांची संख्या ७ हजारांच्या आसपास ठेवण्याचे ठरवून १९६७ ते १९९४ या काळात १४ हजारांहून अधिक हत्ती मारण्यात आले. ही कामगिरी पर्यटकांच्या दृष्टीआड चाले. लोकमताच्या दडपणामुळे ती थांबविण्यात आली. परंतु बंदिस्त क्षेत्रात हत्तींची संख्या किती असावी, याबद्दल तज्ज्ञांत अद्यापि मतभेद आहेत.

पक्षिनिरीक्षण : प्रारंभीचा पर्यटक मोठ्या जनावरांच्या शोधात असे. शिवाय हिवतापाच्या भयाने उन्हाळी पावसाच्या मोसमात उद्यानाचा बहुतेक भाग अनेक वर्षे बंद ठेवला जाई. नेमक्या याच काळात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत, स्थलांतरी पक्षी येथे येतात. त्यामुळे उद्यानाच्या पक्षिवैभवाचा मोठा भाग सामान्य प्रेक्षकाला दीर्घकाळ अपरिचित राहिला. पक्षिनिरीक्षणास चालना मिळाली ती संस्था व ग्रंथ यांमुळे. दक्षिण आफ्रिकी पक्षिविज्ञान संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. प्रिटोरिया येथील ट्रान्सव्हाल संग्रहालयातील पक्षिशास्त्रज्ञ ऑस्टिन रॉबर्ट्स यांचा दक्षिण आफ्रिकेतील पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढील पिढ्यांनी हाताशी ठेवल्या.

येथील मोठ्या पक्ष्यांत जमिनीवरून थव्याने फिरणारा काळा भू-धनेश, माळढोकाच्या कुळातील कोरी बस्टर्ड, मार्शल गरुड, लॅपेट-फेस्ड गिधाड, तांबड्या-काळ्या चोचीवर पिवळे खोगीर असलेला करकोचा आणि मासे खाणारे पेलचे घुबड हे सहा विशेष प्रसिद्ध आहेत. यांपैकी पेलचे घुबड नदीकाठच्या दाट वृक्षांत राहते व ते पाहण्यासाठी निरीक्षक उत्तरेकडील पाफुरी भागात जातात. पाणपक्ष्यांसाठी स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिक या जलाशयाकाठी लाकडी निरीक्षण-कुटी बांधलेली आहे.

भारतीय वाचकाला ओळखीचे वाटावेत असे पक्षीही येथे आढळतात. सायबीरिया, मंगोलिया व ईशान्य चीन या प्रदेशांत वीण करणारा अमूर ससाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड परिसरात मोठ्या संख्येने थांबतो. तेथून भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून तो दक्षिण आफ्रिकेत पोहोचतो. महाराष्ट्रात लोणावळ्याच्या परिसरात त्याची वाटसरू म्हणून नोंद होते, तर क्रूगरच्या माळांवर तो उन्हाळाभर कीटक टिपताना दिसतो. नागालँडमध्ये २०१२ मध्ये उघडकीस आलेली त्याची मोठ्या प्रमाणावरील हत्या पुढील वर्षी ग्रामस्थांच्या सहकार्याने थांबली. २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या सहभागाने काही ससाण्यांवर उपग्रह-प्रेषक बसविण्यात आले व त्यांच्या मार्गाचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. मॉन्सूनबरोबर महाराष्ट्रात येणारा चातकही आफ्रिकेतून येतो. दक्षिण आफ्रिकेत पावसाळी मोसमात वीण करणारी चातकाची उपजाती मात्र वेगळी आहे.

नोंदींचे महत्त्व : निरीक्षण छंदापुरते न राहता शास्त्राला कसे उपयोगी पडते, हे ऑक्सपेकर पक्ष्याच्या इतिहासावरून दिसते. १९०० च्या करारात उपयुक्त म्हणून गौरविलेल्या या पक्ष्याची पिवळ्या चोचीची जाती त्यानंतर लवकरच दक्षिण आफ्रिकेतून नाहीशी झाली. बुळकांड्या रोगाने रानम्हशी मेल्या आणि गोचिडी मारण्यासाठी गुरांना आर्सेनिकयुक्त द्रावणात बुचकळण्याच्या पद्धतीमुळे त्याचे खाद्य विषारी झाले. पक्ष्यांना कमी घातक द्रावणे प्रचारात आल्यावर १९७९ मध्ये ही जाती क्रूगरमध्ये पुन्हा दिसली व तेथे स्थिरावली. तिला कोणी आणून सोडले नव्हते. ती उत्तरेकडून आपणहून आली होती. लाल व पिवळ्या चोचीतील भेद ओळखणारे डोळे असल्यामुळेच हे पुनरागमन नोंदले गेले.

१९८७ ते १९९१ या काळात दक्षिण आफ्रिका व शेजारच्या देशांतील पक्ष्यांच्या वितरणाचा नकाशासंग्रह तयार करण्यासाठी सामान्य निरीक्षकांकडून याद्या जमविण्यात आल्या. त्यावर आधारित ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तर २००७ मध्ये दुसरे सर्वेक्षण सुरू झाले. रानकुत्र्यांच्या बाबतीतही पर्यटकांचा असाच उपयोग झाला. प्रत्येक रानकुत्र्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण निराळी असल्याने १९८८–८९ पासून पर्यटकांनी काढलेल्या छायाचित्रांवरून त्यांची गणती करण्यात येऊ लागली. एकेकाळी दिसताक्षणी गोळी घालण्याजोगा मानला गेलेला हा प्राणी आता छायाचित्रांवरून एकेक करून मोजला जातो.

पाहण्याचा हक्क : वंशभेदाच्या काळात हे उद्यान प्रामुख्याने गोऱ्या पर्यटकांसाठी होते. गोरेतर अभ्यागतांना प्रवेशास पूर्ण बंदी नव्हती. परंतु मुक्कामासाठी त्यांना दीर्घकाळ ऑलिफंट्स नदीजवळील बालुले या लहानशा तळावरच विसंबावे लागे. बाकीचे आफ्रिकी लोक उद्यानात असत ते आचारी, रस्त्यावरील मजूर व पहारेकरी म्हणून. मोझँबिकमधून खाणींत कामासाठी विनापरवाना जाणाऱ्यांना अटक करून उद्यानातील श्रमाच्या कामांवर लावण्याचीही प्रथा होती. सीमेपलीकडच्या खेड्यांतील मुलांनी कुंपणावरून हत्ती पाहिला, तरी त्यांच्या दृष्टीने तो पिकांचा वैरी असे.

विस्थापनाची परंपरा उद्यान स्थापन झाल्यावरही चालू राहिली. १९६९ मध्ये पाफुरी भागातील मकुलेके समाजाच्या सु. ३ हजार लोकांना हलवून त्यांची भूमी उद्यानात सामील करण्यात आली. वंशभेदी राजवट संपल्यावर १९९४ मध्ये भूमिप्रत्यर्पणाचा कायदा झाला व त्यानुसार १९९८ मध्ये सु. २४ हजार हेक्टर भूमी या समाजाला परत मिळाली. तेथे पुन्हा वस्ती करण्याऐवजी ती भूमी वन्यजीवांसाठीच राखावी, उद्यानाबरोबर संयुक्त व्यवस्थापन करावे व पर्यटक-निवासांपासून उत्पन्न मिळवावे, असा मार्ग त्यांनी पत्करला. येथील पाणथळ प्रदेशाला २००७ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रक्षण व भूमिपुत्रांचा हक्क यांची सांगड घालण्याच्या दृष्टीने हा प्रयोग आफ्रिकेबाहेरही अभ्यासला जातो. ९ डिसेंबर २००२ रोजी दक्षिण आफ्रिका, मोझँबिक व झिंबाब्वे यांच्यात ‘ग्रेट लिंपोपो’ या सीमापार उद्यानाचा करार झाल्याने प्राण्यांच्या जुन्या वाटा अंशतः खुल्या होण्याचा मार्ग मोकळा झाला.

नवे संकट : एकविसाव्या शतकात कोविड-१९ च्या साथीची वर्षे वगळता क्रूगरला दरसाल दहा लाखांहून अधिक लोक भेट देत आले आहेत. याच काळात निरीक्षणापुढे एक विपरीत परिस्थिती उभी राहिली. नामशेष झालेला पांढरा गेंडा क्वाझुलू-नाताळमधील उंफोलोझी अभयारण्यातून १९६१ पासून येथे पुन्हा आणण्यात आला होता. त्या मोहिमेत इअन प्लेअर प्रमुख होते. त्यांचे सहकारी व रानातील गुरू मॅग्कुबु न्टोंबेला यांचे नावही उंफोलोझीच्या इतिहासात आदराने घेतले जाते. क्रूगरमध्ये या गेंड्यांची संख्या २०१० च्या सुमारास १० हजारांच्या वर गेली. मात्र शिंगांसाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीत एकट्या २०१४ मध्ये येथील ८२७ गेंडे मारले गेले आणि २०२० मध्ये पांढऱ्या गेंड्यांची संख्या सु. २,६०० पर्यंत उतरली. पर्यटकांनी दिवसभरात कोणता प्राणी कोठे पाहिला, हे दर्शविणारे फलक तळांवर असतात. त्यांवर गेंड्यांची ठिकाणे दाखविणे बंद करावे लागले, कारण प्रेक्षकाने आनंदाने दिलेली माहिती शिकाऱ्याच्या हाती पडण्याची भीती होती.

गिधाडांची कथा याहून बोलकी आहे. आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे पाहून वनरक्षकांना मृत जनावराचा ठावठिकाणा लागतो. म्हणून चोरटे शिकारी मृतदेहांत विष मिसळून गिधाडांनाच ठार करतात. पांढऱ्या पाठीच्या आफ्रिकी गिधाडाची गणना २०१५ पासून अत्यंत संकटग्रस्त जातींत होते. शंभर वर्षांपूर्वी स्वच्छता राखणारा म्हणून उपयुक्त मानलेला हा पक्षी आज रानाचा मूक पहारेकरी असल्यामुळे मारला जात आहे. प्रेक्षकांच्या कुतूहलातून सिंहाला मिळालेले अभय गेंडा व गिधाड यांना त्याच मार्गाने मिळू शकलेले नाही. ते उद्यानाच्या सीमेवर राहणाऱ्या लोकांना या प्राण्यांच्या जगण्यात आपलेही हित आहे असे वाटण्यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.